नुसता पाऊस

तळघरातल्या मंडईत, मासळीच्या कोपऱ्यात, निळ्या घमेल्यातल्या एका शिंपलीनं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. झालं ते एवढंच. मासळीवालीनं हसून फडकं पुढं केलं आणि म्हणाली, "ताजा माल आहे ताई, बघा कसा थुंकतोय." मी फडकं घेतलं नाही. पाणी ओठांवर आलं होतं. खारट होतं, पण ते खारटपण पुडीतल्या मिठाचं होतं, आणि आमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हा फरक झोपेतही कळतो. घमेल्यातल्या बाकीच्या शिंपल्या थोड्या थोड्या उघडून, पांढऱ्या जिभा बाहेर काढून बसल्या होत्या. नळाचं पाणी आणि मूठभर मीठ, तेवढ्यावर बिचाऱ्यांची खात्री पटली होती की भरती आली. मागच्या बाईची ढकलगाडी घोट्याला लागली, ती "सरका की हो" म्हणाली, आणि मी सरकले नाही. मुळा हातात होता, टोफू घ्यायचा होता, वर तिसऱ्या मजल्यावर शिलाईच्या दुकानात दोन पँटी आखूड करायच्या राहिल्या होत्या, आई घरी एकटी होती. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी त्या घमेल्यापाशी खुळ्यासारखी उभी होते.

मुजांग जिल्हा म्हटलं की सोलमधल्या माणसांना काही म्हणजे काही आठवत नाही. दुकानातली मालकीणबाई मला अजून विचारते, "तुमच्याकडे काय बघण्यासारखं आहे हो?" मी म्हणते, चिखल. तिला वाटतं मी विनोद करते. पण आमच्याकडे खरोखरच चिखल होता. ओहोटीला समुद्र मागे हटत हटत नजरेच्या पार जायचा आणि मागे उरायचा तो नुसता चिखल, करडा, चकाकणारा, डोंगरापासून आभाळापर्यंत. गावातल्या बायका त्याला शेतच म्हणायच्या. सकाळी एकमेकींना हाका मारत निघायच्या, कंबरेला दोर, दोराला लोखंडी पात्याचा दांडा, आणि तो ओढत मागे मागे चालायच्या. शिंपली काढायची तर मागेच चालावं लागतं. पातं चिखलात रुतलेलं असतं, कुठं तरी 'टक्क' वाजतं, की वाकायचं आणि उचलायचं. माझ्या आईनं, बोगिमनं, आयुष्यातला निम्मा रस्ता असा उलटा तोडला. आता माझ्या घरात, चौदाव्या मजल्यावर, ती केर काढायचं यंत्र तसंच ओढते, पाठीनं भिंतीवर आपटते आणि भिंतीलाच शिव्या घालते. तारीख तिला कधीच ठाऊक नसते. आज कितवं पाणी आहे ते मात्र ती डोळे न उघडता सांगते: उधाणाचे दिवस कुठले, पाणी जेमतेम चढतं ते भांगाचे कुठले, पाणी किती वाजता पाठ फिरवील. सोलमध्ये या माहितीचा उपयोग शून्य. तरी रोज सकाळी ती बोटांवर मोजते, आणि उधाणाच्या दिवशी उगाचच लवकर जेवून घेते.

आणि समुद्राला बांध घालायची खोड काही परक्यांनी आणलेली नव्हती, हेही सांगायला हवं. माझ्या आजोबांनी जपान्यांच्या राज्यात पाठीवर दगड वाहून पहिला बांध घातला. तो खारट भाग गोडा झाला, भात पिकला, आजोबा तो भात खाऊन म्हातारे झाले. युद्धानंतर उत्तरेकडून पळून आलेल्या लोकांना सरकारनं चिखलच वाटून दिला, म्हणाले घ्या, जमीन करा, आणि त्यांनी उपाशी पोटी ती केली. आमच्या जिल्ह्याचा इतिहास म्हणजे हाच: पिढी दर पिढी समुद्राचा लचका तोडायचा आणि त्यावर घर बांधायचं. म्हणून समुद्र अडवणाऱ्या मोठ्या भिंतीची घोषणा झाली तेव्हा निम्म्या गावानं टाळ्याच वाजवल्या. शाळेच्या मैदानावर तंबू, डुकराचं मटण, तांदळाची दारू, झेंडे. कारखाने येणार होते, विमानतळ येणार होता, काय काय येणार होतं. आमची शेजारीण, जिला सगळे तिच्या माहेरावरून हाकसनवाली म्हणायचे, ती तेवढी भर तंबूत उठून विचारती झाली, "आन् शिंपल्यास्नी कोण इचारनार?" लोक पोट धरून हसले. माझी आईसुद्धा हसली. समुद्र बंद होऊ शकतो हे तिला खरंच वाटलं नव्हतं. एवढं मोठं कुणी कसं बंद करील?

बाबा त्याच्या कितीतरी आधी गेले होते. मी तेव्हा शाळेत होते. ते चिखलातून सगळ्यांत शेवटी परतणारे. बायका आईला चिडवायच्या, "बोगिम, तुझा नवरा ओहोटीला पायी जातो आन् भरतीच्या पाठीवर बसून येतो." घाई हा प्रकारच त्यांना माहीत नव्हता. पाणी घोट्याला लागलं की मग कुठं ते मान वर करून बघायचे आणि हसत हसत निघायचे. त्या शरदात धुकं पडलं. धुक्यात किनारा कुठला आणि खाडी कुठली ते कळत नाही. बाबांना दिशा कळावी म्हणून गावानं ताटं बडवली, पिंपं बडवली, आई घसा फुटेपर्यंत ओरडली. पाणी आलं, भरलं, ओसरलं. बाबांची टोपी सापडली नाही, बूट सापडला नाही, काही नाही. आमच्याकडे असं मानतात की समुद्राच्या पोटात गेलेला माणूस घरच्या चौरंगावर मांडलेलं जेवत नाही, कारण त्याला घरची वाट उरत नाही. त्याला तिथंच नेऊन वाढावं लागतं. म्हणून दरवर्षी त्या तिथीला आई भात शिजवायची, तिखट न घातलेला मासा भाजायची, भाताचं पांढऱ्या कागदात पुडकं बांधायची आणि ओहोटीच्या मागोमाग चालत चालत पार खाडीपर्यंत जायची. पुडकं खाडीत ठेवायची आणि बाजूला उभी राहायची. भरती यायची आणि घेऊन जायची. परत येताना तिचा चेहरा जेवून उठलेल्या माणसासारखा असायचा. मला ते आवडायचं नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं की सोलला जायचं, जिथं मेलेली माणसं फोटोत गप्प बसतात.

भिंतीचं शेवटचं भगदाड बुजवलं त्या उन्हाळ्यात मी सुट्टी घेऊन गावी गेले होते. समुद्र नव्हता. चिखल होता तिथंच होता, पण त्याला भेगा पडल्या होत्या आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता. वास येत होता. काय सांगू कसला वास, अजून कधी कधी शिलाईयंत्रावर मान खाली घातली की येतो. शिंपल्या खोल गेल्यात, म्हणायच्या बायका, वाट बघतायत. त्यांना वाट बघता येते. आणि एका दुपारी पाऊस आला. आधी दोन थेंब, मग सडकून. मी ओसरीवर होते. हाकसनवाली धावत आली आणि आईला माझ्या नावानं हाक घालत म्हणाली, "जमसुकची आई, चल, बघ काय झालंय!" आम्ही तिघी तशाच अनवाणी धावलो. चिखलभर शिंपल्या वर आल्या होत्या. पावलापावलाला. पाणी अंगावर पडलं, त्यांना वाटलं भरती आली. हजारोंनी वर येऊन, तोंडं उघडून, जिभा बाहेर काढून त्या पिऊ बघत होत्या आणि पडत होतं ते गोडं पाणी. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा त्या सगळ्या उघड्या तोंडानं मेल्या. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी माझ्या आईनं काय करावं? ती घरी पळाली, लोणच्याच्या मडक्यातलं खारं पाणी बादलीत ओतून घेऊन आली आणि शिंपल्यांवर शिंपडायला लागली. त्या आणखी उघडल्या. हाकसनवालीनं तिचा हात धरला. "त्यास्नी खोटं सांगू नगं, बाय." आई म्हणाली, "मी कुठं सांगत्ये? पाऊस सांगतोय." दोघी भिजत उभ्या राहिल्या. मग आई खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा तिला ताट बडवायचं काम होतं.

हाकसनवाली पुढं दोन हिवाळ्यांत गेली. आईचे गुडघे गेले आणि मी तिला सोलला आणलं. दरवर्षी तिथीला मात्र मी तिला मुजांगला न्यायचे. हे मी नाकारलं नाही, एवढं तरी. भिंतीवर आता मोठा रस्ता आहे, सहली येतात, भाजलेले मक्याचे दाणे मिळतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मचूळ तलाव आणि त्याच्या पलीकडे बोरूच्या उंच गवताचं रान. आम्ही समुद्राच्या बाजूला कठड्यावरून पुडकं टाकायचो. ते खाली दगडांवर पडायचं, कधी लाट न्यायची, कधी बगळे. आईच्या तोंडावर ते जेवून उठल्याचं समाधान आता कधीच दिसत नव्हतं, ते माझ्या लक्षात येत होतं. आणि गेल्या शरदात, निघायच्या आदल्या दिवशी, मासा भाजता भाजता ती म्हणाली, "त्येनं खाल्लंच न्हाई गं. इतकी वर्सं झाली. आपून भाईर टाकतोय. त्यो आत हाय."

"छत्र्या घ्या छत्र्या, वर पाऊस लागलाय!" मंडईच्या जिन्यावरून एक माणूस ओरडत उतरला, आणि त्याच्या मागून लोक ओले खांदे झटकत आले. माझ्या हातातला मुळा खाली पडला. पाऊस. मी सकाळी आभाळ बघितलं नव्हतं. चौदा मजले उंच घरात आई एकटी आणि बाहेर पाऊस. मासळीवाली ओरडली, "अहो ताई, काय झालं? शिंपली घेताय ना?" मी जिना चढत होते. फोन लावला, वाजत राहिला. आईला फोन उचलता येतो, ती उचलत नव्हती. वर दुकानात निरोपही न देता मी रस्त्यावर आले. मे महिन्याचा पाऊस, बारीक, संथ, दिवसभर चालेल असा. बस भरून गेली होती, टॅक्सी थांबेना, मी पळायला लागले. घर फार लांब नाही. पळताना माझ्या डोळ्यांसमोर रस्ता नव्हताच, तो बोरूचा रानवट माळ होता.

कारण गेल्या शरदात मी तिचं ऐकलं होतं. काय करणार होते? ती म्हणाली, "तुजा बाप वाट काढनारा मानूस न्हाई. पानी न्यायला येतंय तवा त्यो निघतोय. पानी आलंच न्हाई, तर त्यो बसला आसंल तितंच." तिच्या या बोलण्यात मला एकही चूक काढता आली नाही. आम्ही आधी भिंतीवर गेलो, दगडांवरून मी खाली उतरले आणि किमचीच्या दोन मोठ्या बरण्या समुद्राच्या पाण्यानं भरल्या. मग आत जायला टॅक्सी केली. टॅक्सीवाला आमच्याच जिल्ह्यातला, बडबड्या. आरशातून बघत म्हणाला, "मावशे, समुद्र बरणीत भरून कुठं निघालीस? सोलला इकायला?" आई म्हणाली, "तुज्या बापाला इचार, त्यानं केवढ्याला इकला." तो खो खो हसला. कच्च्या वाटेवर एका ठिकाणी आईनं त्याला थांबवलं. आजूबाजूला बोरू पुरुषभर वाढलेला, मधे मधे मोजणीच्या खुंट्या, त्यांना लाल फडकी. मी म्हटलं, इथं काय कळणार? ती म्हणाली, "डोंगुर न्हाई हालवलं कुनी." ती दोन पावलं डावीकडे सरली, एक मागे आली, मागेच, सवयीनं, जोवर कोंबडडोंगराची शेंडी बुटक्या डोंगराच्या खांद्यावर नेमकी बसली. मग दुसरी खूण जुळवली. "खाडी हितं व्हती." तिथं कोरडी, फुटलेली, करडी जमीन होती, थोडं गवत होतं, एक थर्माकोलचा तुकडा. तिनं पायातले रबरी बूट नीट केले, बसली, पांढरं पुडकं ठेवलं, मासा ठेवला, दारूचा पेला ओतला. म्हणाली, "आन आता पानी."

मी पहिली बरणी ओतली. तहानलेल्या जमिनीनं ते घटाघटा पिऊन टाकलं. दुसरी ओतली. पुडक्याचा कागद भिजला, उचलला गेला, जरासा तरंगलासुद्धा. आणि मग जमिनीतून बुडबुडे आले. भेगांतून, एका मागे एक, फट फट आवाज करत. आत कोंडलेली हवा होती ती, दुसरं काय असणार? शिंपली चिखलात श्वास घेते तेव्हा नेमके तसेच येतात. आई ओणवी झाली. तिचा चेहरा उजळला, इतका की मला भीती वाटली. माझ्या लहानपणी खाडीवरून परतताना होता तोच चेहरा. "हाय! हितंच हाय! बघ, हाय की न्हाई?" म्हणाली. मी म्हटलं, "हो आई." का म्हटलं कोण जाणे. मला तिचा तो चेहरा थोडा वेळ हवा होता. बुडबुडे थांबले. पाणी मुरलं, कागद पुन्हा जमिनीला टेकला, भाताला माती लागली. आणि आईचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं समुद्राच्या दिशेला बघितलं, जिथं आता भिंतसुद्धा दिसत नव्हती. मग माझ्याकडे. मग त्या ओल्या डागाकडे. "जमसुक," ती म्हणाली, "म्या त्येला वर बोलीवलं गं, खोट्या पान्यावर." मी काही बोलायच्या आत ती दोन्ही हातांनी ओली माती खरवडायला लागली, आजूबाजूची कोरडी माती ओढून त्या डागावर लोटायला लागली, डोक्याचा रुमाल काढून जमीन पुसायला लागली. "न्हाई आलं हो पानी, न्हाई. दोन बरन्या व्हत्या. ऱ्हाऊ द्या ते, निजा तुमी." टॅक्सीवाला खाली उतरून उभा होता, सिगारेट हातात तशीच. मी तिच्या बगलेत हात घातले. तिला उचलता येईना. हाकसनवाली असती तर तिनं बरणी हातात घ्यायच्या आधीच सांगितलं असतं, त्येला खोटं सांगू नगं. मला ते सुचलं नव्हतं. ती शिंपल्यांची दुपार मीही बघितली होती.

हिवाळा बरा गेला. बर्फाचं तिला काही वाटलं नाही. बर्फाला कोण फसतं? वसंतात पहिली सर आली आणि मी कामावरून परतले तो ती ओल्याचिंब गाऊनमध्ये खिडकीशी. मला वाटलं, भ्रम झाला. डॉक्टरही तेच म्हणाले, गोळ्या दिल्या. पण भ्रम असता तर तिला कितवं पाणी ते कळलं नसतं. ती अचूक सांगते. तिचा हिशेब एवढाच आहे की एकदा फसवून वर बोलावलेला माणूस आता वर वरच, कवचाच्या तोंडाशी येऊन बसला असेल, आणि अंगावर थेंब पडला की त्या शिंपल्यांसारखा उघडेल.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. मी जिन्यानं गेले. किल्ली भोकात बसेना. दार उघडलं तर घरभर वारा आणि पाणी, आणि बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी सताड उघडी. आईनं खिडकीशी स्टूल ओढून नेलं होतं आणि ती त्याच्यावर उभी होती, गुडघे गेलेली बाई, एका हातानं चौकट धरून, कंबरेपर्यंत बाहेर. खाली चौदा मजले आणि गाड्यांची टपं. दक्षिणेकडे, गावाच्या दिशेला तोंड करून ती ओरडत होती. आवाज बसला होता. पहिल्या थेंबापासून ओरडत असेल.

"अवं, पाऊस हाय! पाऊस हाय नुस्ता!"

मी मागून तिच्या कंबरेला मिठी मारली, दोर बांधावा तशी, आणि मागे ओढलं. ती हलली नाही. मान न वळवता ती म्हणाली, "सोड. त्येचं ध्यान न्हाई. माजा आवाज पोचत न्हाई आता." समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडून बघत होतं. मी सोलमध्ये इतकी वर्षं काढली, गावची बोली जिभेवरून खरवडून टाकली, बाबांशी तर त्या धुक्याच्या संध्याकाळनंतर एक शब्द बोलले नव्हते. मी आईला घट्ट धरून तिच्या खांद्यावरून डोकं पावसात काढलं. तोंडावर पाणी आलं. गोडं होतं.

"बाबा," मी ओरडले, "समुद्र न्हाई ह्यो! वर येऊ नगा!"

आई ऐकत राहिली. मग तिनं चौकट सोडली.

"आनकी एकदा सांग," ती म्हणाली. "त्यो लौकर उठत न्हाई, तसा लौकर निजत बी न्हाई."